शेऱ्याचा रकाना

शनिवारी रात्री आठला जुनं बंद,
सोमवारी सकाळी नवं सुरू.
मधला रविवार डेटाचा, असं फोनवरचा पुण्याचा मुलगा म्हणाला,
आणि सत्तावीस कलमांची यादी पाठवली.
शेवटी विचारलं, सोलापुरात नेट टिकतं ना काका?
टिकतं म्हटलं. इथे माणसं टिकतात, नेटचं काय.

बॅकअप दोन जागी. प्रिंटर तपासा.
सोमवारच्या अपॉइंटमेंट निम्म्या ठेवा.
साखर पेठेत अपॉइंटमेंट!
पाळी सुटली की माणूस येतो
केसांत सुताचा भुगा घेऊन,
आणि बाकावर सरकून सरकून जागा होते.

पाचवं कलम, दुबार नोंदी एक करा.
बालामणी बुरा, बाळामणी बुर्रा, बालमणी बी.
तीन फाइली, तीन वजनं, दमा एकच.
विड्या वळता वळता ती खोकते तशी कुणी खोकत नाही.
तिन्ही जोडल्या. पडद्यानं विचारलं, खात्री आहे?
आहे रे बाबा.

जन्मतारीख आता सक्तीची.
अर्धी पेठ एक जूनला जन्मलेली,
मास्तरांनी एका बैठकीत जन्माला घातलेली.
नरसव्वा इट्टमना फोन लावला तर म्हणाल्या,
गड्ड्यातला पाळणा मोडला ना, त्याच्या आदल्या साली लिही.
रकान्याला पाळणा चालेना.
एक जून लिहिलं.

मग तीन वर्षांत न आलेले बाजूला काढायचे.
भिवंडीला गेलेले, रागावून गेलेले,
मोठ्या हॉस्पिटलात गेलेले, आणि गेलेले.
सगळ्यांना बटण एकच, निष्क्रिय.
मकबूल मेस्त्री, ज्यानं आयुष्यभर बंद माग चालू केले,
त्याच्या नावावर माझं बोट जरा वेळ तसंच राहिलं.

बाविसावं कलम बारीक अक्षरात होतं.
शेरा हा रकाना नव्या प्रणालीत येणार नाही.

थोरले डॉक्टर एका बोटानं टाइप करायचे,
आम्हाला वाटायचं, औषधं लिहितायत.
प्रिंटर तपासायचाच होता, म्हणून शेरे छापायला लावले.

फी मागू नये. विचारल्यास मागच्या खेपेला दिली म्हणावे.
डावा कान गेला. उजवीकडे बसून बोलावे.
मुलीसमोर साखरेचा विषय नको, लग्न ठरतंय.
तेलगूत सांगितलं तरच गोळ्या घेतो.
नवरा सोबत असला की पडले म्हणते. एकटी आली की पुन्हा विचारावे.

एकशे बारा पानं. शाई दोनदा भरली.

मुलाला फोन केला, म्हटलं, हे ठेवायला जागा हवी.
तो म्हणाला, ठेवू की काका.
पण हे वैद्यकीय, की हिशेबाचं?
मी बराच वेळ गप्प. तोही बिचारा थांबला.
शिवलीला मॅडम खाली आल्या, उभ्यानंच चार पानं वाचली,
वडिलांच्या खुर्चीत बसल्या नाहीत,
नुसतं म्हणाल्या, वही आणा अंबादास, जाड पुठ्ठ्याची.

तर आता रविवारची दुपार आहे,
गल्लीतले माग बंद, पंखा तेवढा बोलतोय.
पडद्यावर हिरवी पट्टी चौसष्ट टक्क्यांवर,
मी ग वर.
ग मध्ये मीच निघालो. गज्जम अंबादास, कावीळ, जुनी.
शेरा, चष्मा लागलाय, कबूल करत नाही.
याच्या कॉम्प्युटरचं अक्षर न सांगता मोठं करावे.

आठवलं. एका सकाळी अक्षरं मोठी झाली होती,
मला वाटलं होतं, मशीन आपोआप सुधारलं.

वहीत माझा शेरा उतरवू की नको, ठरत नाही.
त्याच्यापुरती एक ओळ सोडलीय.
नव्यात अक्षर मोठं कसं करतात,
ते त्या मुलाला सोमवारी मीच विचारीन.